डब्याच्या गळ्यावरचा नंबर

प्रिय भिंगरी,

चार दिवस तू फोन करते आहेस आणि आजी फोन घेत नाही, असं तुझा बाप मला सकाळ-संध्याकाळ ऐकवतो. माझे कान शाबूत आहेत, फोनही शाबूत आहे. घेत नाही म्हणजे घेत नाही. कारण पत्राच्या शेवटी येईल. लहानपणी गोष्ट सुरू झाली की शेवट आधी विचारायची खोड होती तुला. ती अजून गेली नसेल तर शेवटचं पान कुणाकडे तरी ठेवायला दे आणि क्रमाने वाच. अक्षर वाकडं आहे. शाळा तिसरीपर्यंतची, आणि पुढचं सगळं लिहिणं गाड्यांचे नंबर आणि तारखा. माझी वेलांटी कुठे चुकली ते शोधत बसू नकोस. चूक दुसरीकडे झाली आहे.

आधी बातमी. व्हॅनवालीचं इंजिन बसलं. आपल्या गॅरेजात भरलेल्या ऑइलने, तू नोकरीला आहेस त्या कंपनीच्या डब्यातल्या. ऑइल बदलून नेलं त्याच्या बाराव्या दिवशी, चढावर, मागे नऊ पोरं बसलेली असताना लाल दिवा लागला आणि पुढच्या वळणाच्या आत गाडी जागच्या जागी जाम. पोरांना दप्तरांसकट चालत शाळेपर्यंत नेलं तिने, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देऊन. मग परत येऊन गाडी दोरीला बांधून आपल्या दारात आणली. तुझ्या बापाने इंजिन खोललं तर आत ऑइल कुठलं, काळा चिखल. चमच्याने खरवडून काढावा असा. ऑइल जायची भोकं सगळी बुजलेली. ती शेजारी उभी राहून बघत होती. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, भांडायला मला येतं. ती एवढंच म्हणाली, की मावशी, तुमच्या शब्दावर भरलं होतं. आणि गेली. आता भाड्याची गाडी चालवते. रोज दोनदा आपल्या दारावरून जाते आणि मान समोर ठेवते. तिची व्हॅनही दुरुस्त झाली की यापुढे सिग्नलपलीकडच्या गॅरेजात जाणार, असं ऐकते.

सहा वर्षं तू तिच्या व्हॅनमधून शाळेत गेलीस, हे विसरली नसशील. पुढच्या सीटवर, कारण मागे बसलीस की ओकायचीस. ती एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने तुझ्या तोंडाशी पिशवी धरायची. तुझ्या आईनेही एवढं केलं नाही, तिला वासानेच मळमळायचं.

आता तू म्हणशील, आजी, इंजिन शंभर कारणांनी जातं. म्हणशील काय, म्हणालीसच असशील मनात. माझ्याकडे बाटली आहे. काउंटरच्या मागे खिडकीखालच्या फळीवर बाटल्यांची रांग असायची आणि तू त्यांना आजीची औषधं म्हणायचीस, आठवतं? नवीन खोकं फोडलं की त्यातल्या पहिल्या डब्यातलं दोन बोटं ऑइल काचेच्या बाटलीत काढायचं, वर तारखेची चिठ्ठी चिकटवायची आणि उजेडात ठेवायचं. चांगलं ऑइल महिनाभर मधासारखं राहतं. त्या खोक्याच्या बाटलीत तळाला दुधासारखा थर बसला आहे, बोटाच्या पेरभर. व्हॅनमध्ये भरलेलं ऑइल त्याच डब्यातलं. त्याच खोक्यातले बाकीचे तीन डबे तीन टॅक्सीवाल्यांना गेले होते. व्हॅन दारात आली त्याच दिवशी मी त्यांना बोलावलं आणि ऑइल काढून घेतलं, म्हणून त्यांची इंजिनं वाचली.

बाटलीची सवय मला लावली पिशवीवाल्याने. तू त्याला पाहिलंस ते तो म्हातारा झाल्यावर, आता तर तो कामावरही नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. एकतीस वर्षांपूर्वी तुझा आजोबा पिंपातलं सुटं ऑइल मापाने भरायचा आणि कंपनी कुठली विचारलं तर पिंपाकडे बोट दाखवायचा. तेव्हा हा माणूस खांद्याला कापडी पिशवी अडकवून यायला लागला. तुझ्या कंपनीचा विक्रेता. सहा महिने आला आणि एक डबा विकला नाही. बसायचा, कोणाची गाडी काय आवाज करते ते ऐकायचा, तुझ्या आजोबाला पाना हवा असला की मागायच्या आधी पुढे करायचा. आजोबा त्याची टर उडवायचा, की हा पगार कंपनीचा घेतो आणि हमाली माझी करतो. सातव्या महिन्यात कंटाळून एक खोकं ठेवून घेतलं, पिशवीवाल्याला घालवायला. घालवायला म्हणून घेतलं आणि त्याचा डबा एकतीस वर्षांना चिकटला.

पण चिकटला का, ते तुमच्या ऑफिसात कुणाला ठाऊक नाही म्हणून लिहिते. दुसऱ्या वर्षी एक खोकं खराब आलं. आम्हाला कळायच्या आत पिशवीवाला सकाळी दारात हजर. कारखान्यात घोटाळा झालाय, डबे परत द्या म्हणाला. तीन उरले होते, एक वापरून झाला होता. कुणाला भरला विचारलं. एका भाजीच्या टेम्पोवाल्याला. तुझ्या आजोबाला घेऊन पिशवीवाला त्याच्या घरी गेला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, चूक आमच्या मालाची आहे, या मिस्त्रीची नाही. मग इस्त्रीच्या पँटीत रस्त्यावर आडवा होऊन गाडीखाली शिरला आणि त्याने स्वतःच्या हाताने ऑइल बदललं. कोपरापासून बोटांपर्यंत काळा. माणूस घरी येऊन बोलला म्हणून तो टेम्पोवाला मरेपर्यंत आपल्याकडे आला, नंतर त्याचा मुलगा आला. आणि त्या एका वाक्यासाठी तुझ्या आजोबाने पिंप भंगारात दिलं आणि आयुष्यात दुसऱ्या कंपनीचा डबा उघडला नाही.

तुमच्याकडे लोकांना वाटतं की गिऱ्हाईक पिवळ्या डब्यावर जीव टाकतं. जाहिरातीतली ती गाडी बर्फातून उड्या मारते, तिच्यावर टाकतं. अगं, गिऱ्हाइकाला ऑइलमधलं काय कळतं? ते आत ओततात, झाकण लागतं, संपलं. त्याला आम्ही कळतो. आणि खरं सांगू? आम्हालाही ऑइल कळत नव्हतं. आम्हाला पिशवीवाला कळत होता. पाच वर्षांपूर्वी तुमच्यातल्या कुणा शहाण्याने पिवळा डबा चंदेरी केला, आठवतं? लोक म्हणायला लागले, मावशी, डुप्लिकेट ठेवायला लागलात का. दोन महिने मी प्रत्येकाच्या बोटाला थेंब लावून शपथा घेतल्या. मग कंपनीने डबा पुन्हा पिवळा केला आणि केवढी मोठी पाटी छापली, की ग्राहकांच्या आग्रहास्तव. आग्रह ग्राहकांचा आणि घसा माझा.

पिशवीवाल्याने दुसरीही एक गोष्ट शिकवली, तिने माझा घात केला. रिकामा डबा तसाच टाकायचा नाही, गळ्याशी सुरी फिरवून तोंड कापून टाकायचं. नाहीतर चोर लोक रिकाम्या डब्यात जळकं ऑइल भरून विकतात आणि नाव कंपनीचं जातं. एकतीस वर्षांत एक डबा माझ्या हातून सुटला नाही. तुझा आजोबा गेला त्या दिवशीसुद्धा सकाळचे दोन डबे पडून होते, ते संध्याकाळी कापले. लोकांना वाटलं बाईचं डोकं फिरलं.

तर या खराब खोक्याचे चारही डबे मी कापले. तोंडं भंगारवाला घेऊन गेला. आणि कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन केला तर पहिला मुलगा काय विचारतो? डब्याच्या गळ्यावरचा नंबर सांगा.

म्हटलं, गळा कापला. तो दचकला बिचारा. मग समजावून सांगितलं. म्हणाला, नंबराशिवाय तक्रार पुढे जात नाही. म्हटलं, कापायला तुमच्याच कंपनीने शिकवलं. म्हणाला, आपला अभिप्राय नोंदवून घेतला आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गळा न कापता डबे चोराला विकायला ठेवले असते, तर आज माझी तक्रार पुढे गेली असती. इमानदारी केली म्हणून पुरावा नाही.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी. झाकणाखालचं कूपन सांगितलं तिला, ते तुझ्या बापाने मोबाइलवर भरलं होतं, नंबर त्यातून निघेल. ती म्हणाली, ते बक्षीस योजनेचं खातं वेगळं. तिसऱ्याला बाटलीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, कंपनीचं सील नसलेला नमुना ग्राह्य नाही. ग्राह्य म्हणजे काय ते तुझ्या बापाला विचारावं लागलं. चौथ्याने मला बोलूच दिलं नाही, गोड गोड बोलत राहिला आणि शेवटी माझा दिवस आनंदात जावो म्हणाला. तेल लावलेला पैलवान बरा गं, तो निदान मैदानात तरी उतरतो. हे सगळे उंटावर बसलेले आणि शेळ्या खाली मरतायत. शिवाय प्रत्येक फोननंतर मोबाइलवर संदेश, की आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कुणाचं झालं? माझं तर नाही.

सरळ तुला का नाही सांगितलं, असा प्रश्न तुला पडलाच असेल. तुझा बाप म्हणाला, पोरीची नोकरी पक्की होऊन दोन महिने झालेत, तिला यात ओढू नकोस. आणि मलाही मागच्या दाराने शिरणं आवडत नाही. तक्रार खरी असली तर ती पुढच्या दाराने आत जायला हवी. नात आहे म्हणून जी तक्रार ऐकली गेली ती तक्रार नव्हे, वशिला.

पण आता एक कबूल करते, कारण पत्रात खोटं लिहायला तेवढं शिक्षण लागतं. मागच्या वर्षी व्हॅनवाली दुसऱ्या कंपनीकडे चालली होती. सिग्नलपलीकडचा गॅरेजवाला ऑइल बदललं की गाडी फुकट धुऊन देतो. मला येऊन सांगितलं तिने, लपवलं नाही. तेव्हा मी म्हटलं, जा खुशाल, पण आता माझी नात त्या कंपनीत बसते, तुझ्याच मांडीवर ओकलेली. काही वर-खाली झालं तर तिच्या कानाला धरून इथे आणीन. ती हसली आणि राहिली. म्हणजे तिने जे भरलं ते तुझ्या नावावर भरलं. मी तुला न विचारता जामीन ठेवलं. ऑफिसात बसणारा माणूस घरचा असला की कंपनी घरची होते, असं मला वाटलं. या वयात एवढं खुळं वाटायला नको होतं.

आणि दुसरी कबुली याहून वाईट आहे. ती बाटली बारा दिवस फळीवर होती. थर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बसला असणार. मी बघितलीच नाही. चिठ्ठी लावली, ठेवली, झालं. पूर्वी रोज सकाळी झाडू मारायच्या आधी एकेक बाटली उजेडात धरायची मी. गेली कित्येक वर्षं कधी काही निघालं नाही, म्हणून बघणं सुटलं, ठेवणं तेवढं राहिलं. चौथ्या दिवशी बघितली असती तर व्हॅनवालीलाही बोलावून घेतलं असतं. तुझा बाप म्हणतो, तुझी काय चूक. तो माझा मुलगा आहे, तो म्हणणारच. कंपनीवर एवढा भरवसा ठेवला की डोळे मिटले, त्याला निष्ठा म्हणत असतील तुमच्या ऑफिसात. मी त्याला आळस म्हणते.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचा माणूस आला. अंगात जाकीट, पाठीवर कंपनीचं नाव, तसलीच दोन जाकिटं तुझ्या बापासाठी. भिंत रंगवून देतो म्हणाला, नवी पाटी देतो, अमुक खोकी विकली तर विमानाने फिरवून आणतो. तुझा बाप जाकीट घालून आरशासमोर उभा. ढेरीवर चेन लागत नव्हती, श्वास धरून उभा होता. मी जाकीटवाल्याला एकच विचारलं. उद्या तुझा डबा खराब निघाला तर गिऱ्हाइकाच्या दारात तू उभा राहशील का? तो म्हणाला, मावशी, त्याची काळजीच नको, आमची चोवीस तास फोन सेवा आहे. मी हसले. त्याला वाटलं खूश झाले. निळ्या रंगाचे दोन डबे ठेवून गेलाय, भिंतीसाठी. अजून उघडलेले नाहीत.

आता मंगळवारचं. अकरा वाजता मी पाचव्यांदा फोन लावला. एक दाबा, चार दाबा, वाजंत्री ऐका, सगळं झालं. मग मुलीचा आवाज आला, नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते. मी म्हटलं, व्हॅनचं इंजिन बसलंय, ऑइल तुमचं. आणि पलीकडे आवाज थांबला. लहानपणी टायरांच्या मागे लपून बसायचीस ना, तेव्हा पकडली जाशील या भीतीने श्वास धरायचीस आणि त्या धरण्यानेच मला कळायचं तू कुठे आहेस. तसाच थांबला. मग तू वाचायला लागलीस. डब्याच्या गळ्यावरचा नंबर सांगा. मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तू म्हणालीस, मॅडम. भिंगरी, अख्ख्या आयुष्यात मला कुणी मॅडम म्हटलं नाही, आणि पहिल्यांदा म्हटलं ते तू. ते सगळं टेप होतं हे मला ठाऊक आहे, सुरुवातीलाच सांगतात. म्हणून मी तुझं नाव घेतलं नाही. तूही घेतलं नाहीस. ते मी समजू शकते. आणखी काही मदत हवी आहे का, असं विचारलंस तेव्हा तुझा आवाज हलला, तेही ऐकलं. मी नाही म्हटलं आणि ठेवला. म्हणून तेव्हापासून फोन घेत नाही. फोनवर तू कोण म्हणून बोलशील याची मला खात्री उरली नाही. पत्राचं टेपिंग होत नाही.

नंतर संदेश आला, आमच्या प्रतिनिधीला एक ते पाच स्टार द्या. मी एक दाबला. तुझा बाप ओरडला, की अगं तिच्या नावावर जाईल ते, तिचा साहेब बोलावून घेईल. जाऊ दे. तू बदला म्हणून समजू नकोस. या हाताने चांगल्या ऑइलला वाईट म्हटलं नाही आणि वाईटाला चांगलं म्हटलं नाही, आता तुझ्यासाठी सुरुवात करणार नाही. पण साहेबाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. तो एक माझा आहे.

आणि बघ, काल बाटली पुसायला घेतली तर लक्षात आलं. चिठ्ठ्या मी खोक्याचाच पुठ्ठा फाडून करते, नेहमीच. ओली करून सोडवली आणि उलटी केली तर मागे बारीक अक्षरात छापलेला नंबर. तोच तो, खोक्यावरही असतो, हे पाचांपैकी एकानेही सांगितलं नाही. चिठ्ठी या पत्राला टाचणीने लावली आहे. नंबर हवा होता ना? हा घे. तो कुठे भरायचा ते तू भर, पुढच्या दाराने. मी सहाव्यांदा फोन करणार नाही.

पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. नंबर मी पाकिटात घालून नुसताही पाठवला असता. पत्र लिहिलं कारण व्हॅनवाली तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे पहिल्याच मजल्याला हात टेकतात. शिवाय तिने माझ्या शब्दावर भरलं होतं, तेव्हा माझा शब्द पुन्हा नेऊन उपयोग नाही, जामीन ठेवलेलं माणूस न्यायला हवं. रविवारी तुला सुट्टी असते. ये. कंपनीचा बिल्ला लाव की नको, तुझं तू ठरव. बाटली मी खाली धरून उभी राहते, तू वर जा, दारात उभी राहा आणि ते एक वाक्य म्हण. चूक आमच्या मालाची आहे, या मिस्त्रीची नाही. मिस्त्री म्हणजे तुझा बाप, विसरू नकोस. माझं न बघणं मी तिला खालून ओरडून सांगेन, ते तुझ्याकडून नको. त्यावर ती दार लावून घेईल किंवा चहा विचारेल, ते तिचं. एक स्टार काही बदलणार नाही. तुझा बाप सोमवारी भिंत रंगवायला घेणार आहे. मी त्याला सांगितलं आहे, रविवार मावळेपर्यंत निळा डबा उघडायचा नाही.

तुझीच, मॅडम नसलेली,
आजी